संगणक-जालाची प्रत्यक्ष परीक्षा : पूर्वतयारीचा एक पाठ

१. प्रास्ताविक

रेल्वेचे तिकीट काढणे, बँकेतील रक्कम दुसऱ्या गावी पाठविणे, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल घरबसल्या पाहणे, ही कामे आज ज्या साधनावर अवलंबून आहेत ते साधन बहुतेकांच्या दृष्टीस कधी पडत नाही. एका संगणकाचा संदेश दुसऱ्या संगणकापर्यंत पोहोचविणारी तारांची, यंत्रांची आणि नियमांची जी जुळणी, तिला संगणक-जाल किंवा व्यवहारात ‘नेटवर्क’ असे म्हणतात. हे जाल सुरळीत चालते तोवर त्याची आठवण कोणास होत नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र सर्वांचा खोळंबा होतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व तिच्याशी संलग्न अशा सेवा सुमारे सहा तास जगभर बंद पडल्या होत्या. शत्रूने हल्ला केला नव्हता, की समुद्रातील तार तुटली नव्हती. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे मुख्य जाल तुटले. आणि ते तुटताच, नावावरून पत्ता सांगणाऱ्या तिच्या यंत्रांनी आपल्याकडे येण्याचे मार्ग जगाला सांगण्याचे थांबविले. चूक दुरुस्त करण्यासाठी जी साधने वापरावयाची तीही त्याच जालावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. एका आज्ञेची किंमत इतकी मोठी असू शकते. म्हणूनच, असे जाल ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याची पारख केवळ लेखी उत्तरांवरून करून भागत नाही. त्याचा हात चालतो कसा हे पाहावे लागते. अशा प्रत्यक्ष परीक्षेची तयारी कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

२. परिभाषेविषयी दोन शब्द

मार्ग ठरविणाऱ्या यंत्रास ‘मार्गनिर्देशक’ म्हणता येईल. परंतु कारखान्यात, कचेरीत आणि दुकानात त्यास ‘राउटर’ असेच म्हणतात. तोच प्रकार ‘स्विच’, ‘केबल’ व ‘पोर्ट’ या शब्दांचा. विद्यार्थ्यास पुढे हेच शब्द वापरावयाचे असल्याने ते येथे तसेच ठेवले आहेत. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा इंग्रजीत असतात हे खरे. तथापि नेहमी लागणाऱ्या आज्ञांचा शब्दसंग्रह लहान आहे. मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याने त्याचे भय बाळगू नये. आज्ञा इंग्रजीत टंकावी. पण ती का दिली हे स्वतःला मराठीत सांगता येते की नाही, हे पाहावे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला ती आज्ञा पाठ असली तरी समजलेली नसते.

३. परीक्षेचे स्वरूप

या प्रकारच्या परीक्षांपैकी विशेष कठीण म्हणून ओळखली जाणारी परीक्षा म्हणजे सिस्को या अमेरिकन कंपनीची ‘सी.सी.आय.ई.’ होय. सिस्कोची स्थापना १९८४ मध्ये झाली आणि ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. उत्तीर्ण होणाऱ्यास एक अनुक्रमांक मिळतो. हे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात आणि तो पहिला क्रमांक कोणा मनुष्यास न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेसच देण्यात आला. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील गंमत कळते.

आरंभी ही प्रत्यक्ष परीक्षा दोन दिवस चाले. २००१ च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसावर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या रचनेनुसार उमेदवारास प्रथम संगणकावरील प्रश्नोत्तरांची एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; त्यानंतर आठ तासांची प्रयोगशाळेतील परीक्षा असते. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या तीन तासांच्या भागात जालाची आखणी करावयाची असते. त्यात यंत्रांना हात लावावयास मिळत नाही आणि सोडविलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. दुसऱ्या पाच तासांच्या भागात जाल प्रत्यक्ष उभारणे, चालविणे आणि त्यातील बिघाड दूर करणे ही कामे असतात. एकूण गुणांबरोबरच प्रत्येक भागात किमान गुण मिळवावे लागतात. मिळालेली पात्रता तीन वर्षे टिकते. पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. भारतात बंगळूर येथे या परीक्षेची प्रयोगशाळा आहे. शुल्क एक लाख रुपयांहून अधिक असल्याने ‘बसून तर पाहू’ म्हणून जाण्याची ही परीक्षा नाही. नोकरी करून, घर चालवून, त्यातून पैसा बाजूला काढणाऱ्या तरुणाला एका अपयशाचे मोल फार पडते. त्यामुळे तयारी कोणत्या रीतीने करावयाची हा प्रश्न गौण नाही.

४. पाया : पत्त्यांची विभागणी

जालातील प्रत्येक यंत्रास एक अंकात्मक पत्ता असतो. त्याच्या चालू असलेल्या जुन्या पद्धतीत बत्तीस द्विमान अंक असून ते आठ-आठांच्या चार गटांत लिहितात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.५. या बत्तिसांपैकी डावीकडील किती अंक जालाचे आणि उरलेले किती त्या जालातील यंत्राचे, हे पुढे तिरकी रेघ देऊन सांगतात. ‘/२४’ याचा अर्थ चोवीस अंक जालाचे. म्हणजे आठ अंक यंत्रांसाठी उरले आणि २५६ पत्ते मिळाले. त्यांतील पहिला पत्ता जालाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम संदेश देण्यासाठी राखलेला असतो. तेव्हा यंत्रांना २५४ पत्ते देता येतात.

आता एक उदाहरण करून पाहू. एका संस्थेस १९२.१६८.१०.०/२४ हा पट्टा मिळाला आहे. तिच्या तीन शाखांस अनुक्रमे ५०, १०० आणि २० यंत्रांसाठी पत्ते हवे आहेत. घाईत असलेला विद्यार्थी प्रश्नातील क्रमानेच वाटणी सुरू करतो. पन्नासांसाठी ६४ पत्त्यांचा गट तो ० ते ६३ येथे ठेवतो आणि शंभरांसाठी १२८ पत्त्यांचा गट ६४ पासून मांडू पाहतो. येथेच तो फसतो. कारण १२८ पत्त्यांचा गट ० किंवा १२८ याच अंकापासून सुरू होऊ शकतो. म्हणून मोठा गट प्रथम मांडावा. १०० यंत्रांसाठी ०/२५ (० ते १२७), ५० यंत्रांसाठी १२८/२६ (१२८ ते १९१) आणि २० यंत्रांसाठी १९२/२७ (१९२ ते २२३). शेवटी २२४ ते २५५ हे ३२ पत्ते पुढील वाढीसाठी शिल्लक राहतात.

हे गणित कागदावर कोणालाही येते. परीक्षेत ते काही सेकंदांत मनात करता आले पाहिजे. कारण तेथे ते प्रश्न म्हणून येत नाही, दुसऱ्या वीस कामांच्या पोटात येते. शाळेत पाढे पाठ करतात ते याच कारणासाठी.

५. मार्ग कसा निवडला जातो

राउटरजवळ मार्गांची एक यादी असते. एखाद्या पत्त्यास त्या यादीतील दोन नोंदी लागू पडत असतील, तर त्यांतील अधिक नेमकी नोंद, म्हणजे जिच्यात जालाचे अंक अधिक आहेत ती, निवडली जाते. टपालाच्या थैल्या लावणाऱ्याने ‘पुणे जिल्हा’ आणि ‘जुन्नर तालुका’ अशा दोन कप्प्यांपैकी जुन्नरच्या पत्रासाठी तालुक्याचा कप्पा निवडावा, तसेच हे आहे.

या साध्या नियमाचे सामर्थ्य २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. यूट्यूब ही संस्था २०८.६५.१५२.०/२२ हा आपला पट्टा जगाला जाहीर करीत होती. पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने देशापुरती ती सेवा अडविण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ असा अधिक नेमका मार्ग आपल्या जालात घातला. तो देशाबाहेर जावयास नको होता. परंतु तो बाहेर गेला आणि वरच्या सेवादात्याने न पडताळता पुढे पाठविला. ‘/२४’ हा ‘/२२’ पेक्षा नेमका असल्याने जगभरच्या राउटरांनी तोच स्वीकारला आणि सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे गेली. यूट्यूबनेही त्यावर उपाय केला तो याच नियमाने : तिने प्रथम ‘/२४’ आणि पुढे ‘/२५’ असे नेमके मार्ग जाहीर केले.

विद्यार्थ्याने हा प्रसंग केवळ वाचून सोडू नये. तीन राउटर घेऊन तो घरी घडवून आणावा, त्यावर गाळणी लावावी आणि वाहतूक मूळ मार्गावर परतते की नाही ते पाहावे. एका संध्याकाळच्या अशा प्रयोगाने जे ध्यानात राहते, ते दहा पाने वाचून राहत नाही.

६. बिघाड शोधण्याची रीत : एक उदाहरण

प्रत्यक्ष परीक्षेत गुणांची खरी परीक्षा बिघाडापाशी होते. ‘ओ.एस.पी.एफ.’ ही मार्ग ठरविण्याची एक प्रचलित पद्धत आहे. तीत प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्यांची ओळख करून घेतो, सर्व जालाचा नकाशा मिळवितो आणि डाइकस्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन राउटर एका केबलने जोडले आहेत. दोघांचे पत्ते बरोबर आहेत; ‘पिंग’ या चाचणीचे लहान संदेश येतात आणि जातात. तरीही शेजाऱ्यांची यादी पाहिली असता त्यांची मैत्री ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्स्चेंज’ या अवस्थेतच अडकून पडलेली दिसते. ‘फुल’ या अंतिम अवस्थेस ती पोहोचत नाही. अननुभवी उमेदवार येथे गोंधळतो. तो सर्व आज्ञा पुसतो व पुन्हा टंकतो. बिघाड मात्र तसाच राहतो आणि वीस मिनिटे निघून जातात.

शांतपणे विचार करणाऱ्याने अवस्थेचे नावच साक्षीदार मानावे. मैत्री या अवस्थेपर्यंत आली, याचा अर्थ केबल ठीक आहे आणि ‘हॅलो’ हे ओळखीचे संदेश दोन्ही बाजूंनी पोहोचले आहेत. हॅलो संदेशांचा कालावधी किंवा क्षेत्राचा क्रमांक जुळत नसता, तर ओळखच झाली नसती. म्हणून ही कारणे बाद झाली. परवलीचा शब्द चुकला असता तरी तेच झाले असते. आता या अवस्थेत नवीन काय घडते? नकाशाचा गोषवारा सांगणारे संदेश येथून सुरू होतात आणि त्या संदेशात पाठविणारा आपल्या जोडणीवरून जाऊ शकणाऱ्या संदेशाची कमाल लांबी लिहितो. ‘अ’ची मर्यादा १५०० बाइट आणि ‘ब’ची १४०० बाइट असेल, तर आपल्याला पेलणार नाही एवढी लांबी पाहून ‘ब’ तो संदेश नाकारतो. दोघेही वाट पाहत राहतात. दोन्ही टोकांची मर्यादा पाहताच फरक दिसतो. ती सारखी केली की काही क्षणांत मैत्री पूर्ण होते.

ही लांबी पाहूच नये, अशी एक आज्ञाही राउटरला देता येते. ती दिल्याने लक्षण जाते, पण मूळ दोष उरतो. पुढे एखादा मोठा संदेश वाटेत हरवतो आणि त्याचे कारण कोणास सापडत नाही. प्रश्नपत्रिकेने ती मुद्दाम मागितली नसेल, तर चांगल्या कारागिराने तिचा आश्रय करू नये.

या उदाहरणातून घ्यावयाची रीत अशी : प्रथम लक्षण नेमके लिहावे; मग काय निश्चित चालते आहे ते ठरवून तेवढी कारणे बाद करावीत; उरलेल्यांतून एकच कारण धरून त्याची चाचणी करावी; एका वेळी एकच बदल करावा; आणि बदल निरुपयोगी ठरल्यास तो मागे घेऊनच पुढे जावे. पाच बदल एकदम करणाऱ्याचा बिघाड सुटला तरी तो कशाने सुटला हे त्यास कळत नाही.

७. सरावाची व्यवस्था

पूर्वी सरावासाठी जुने राउटर विकत घ्यावे लागत; ते जड, गरम होणारे आणि खर्चिक असत. आता एका चांगल्या संगणकावर अनेक राउटरांचे जाल उभारता येते. ‘पॅकेट ट्रेसर’ हे साधन आरंभीच्या अभ्यासास पुरेसे आहे. परंतु त्यात सर्व आज्ञा चालत नाहीत. पुढील अभ्यासासाठी ‘जी.एन.एस.३’ आणि ‘ईव्ह-एन.जी.’ ही साधने वापरतात.

प्रत्येक विषय तीन वेळा करावा. पहिल्या वेळी पुस्तक उघडे ठेवून जाल उभारावे. दुसऱ्या वेळी पुस्तक मिटून, कोऱ्या यंत्रांपासून आरंभ करावा. तिसऱ्या वेळी सोबत्यास आपल्या जालात गुपचूप दोन दोष घालावयास सांगावे आणि घड्याळ लावून ते शोधावेत. सोबती नसेल, तर आपणच दहा निरनिराळ्या दोषांच्या फायली करून ठेवाव्यात आणि काही आठवड्यांनी त्यांतील एखादी न पाहता उचलावी. दोष शोधणाऱ्याइतकेच दोष घालणाराही शिकतो. कारण कोणता दोष कोणते लक्षण दाखवील याचा विचार त्यास आधी करावा लागतो.

चुकांची एक वही ठेवावी. तीत लक्षण, मला आलेला पहिला संशय, खरे कारण आणि लागलेला वेळ अशी चार सदरे असावीत. महिनाअखेरीस ती वही वाचली म्हणजे आपला संशय वारंवार चुकीच्या दिशेने कोठे धावतो हे उघड होते. एखाद्याला प्रत्येक बिघाडात केबलच दिसते, दुसऱ्याला परवलीचा शब्दच. ही सवय दुसऱ्याने सांगून जात नाही. आपल्या हस्ताक्षरात दिसली म्हणजे जाते.

८. परीक्षेचा दिवस

पाच तासांच्या भागात तीनशे मिनिटे असतात. त्यांतील पहिली वीस मिनिटे एकही आज्ञा न देता संपूर्ण प्रश्नपत्रिका वाचण्यात घालवावीत. चौथ्या प्रश्नातील एखादी अट पहिल्या प्रश्नाच्या उत्तरास बांधून टाकते. ती उशिरा दिसली, तर उभारलेली भिंत पाडावी लागते. शेवटची चाळीस मिनिटे तपासणीसाठी राखावीत. मधल्या दोनशे चाळीस मिनिटांत, इतर कामे ज्यांवर अवलंबून आहेत ती कामे प्रथम करावीत. एखादा बिघाड पंधरा मिनिटांत सुटला नाही, तर त्याची खूण करून पुढे जावे. ही वाटणी नियमाने ठरलेली नाही. प्रत्येकाने सरावात आपला वेग मोजून ती आपल्यापुरती ठरवावी.

दिलेल्या आज्ञा राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. यंत्र बंद होताच त्या नाहीशा होतात. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर त्या कायमच्या स्मृतीत साठवाव्यात. प्रत्यक्ष नोकरीत दूरच्या गावचा राउटर बदलताना अनुभवी माणसे आणखी एक खबरदारी घेतात. ‘दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा ती आधी देऊन ठेवतात. चुकीच्या बदलाने संपर्क तुटलाच, तर यंत्र पुन्हा सुरू होऊन जुन्या, साठविलेल्या स्थितीत येते. बदल बरोबर ठरला, तर ती आज्ञा रद्द करून नवी स्थिती साठवितात.

९. अपयश आणि प्रामाणिकपणा

या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात अपयश आलेले अनेक उत्तम अभियंते आहेत. अपयशाच्या संध्याकाळीच, आठवण ताजी असताना, आपल्याला कोठे थांबावे लागले ते स्वतःच्या वहीत लिहावे. प्रश्न मात्र कोणास सांगू नयेत. तसे वचन उमेदवाराने परीक्षेपूर्वी दिलेले असते.

फुटलेले प्रश्न पैसे घेऊन विकणारी माणसे या क्षेत्रातही आहेत. ते पाठ करून एखादा उत्तीर्ण होईलही. परंतु नोकरीवरच्या पहिल्या रात्री रुग्णालयाचे जाल बंद पडेल, तेव्हा समोर आलेला बिघाड त्या पाठ केलेल्या यादीत नसेल. आणि त्या वेळी प्रमाणपत्राचा क्रमांक कोणी विचारणार नाही. परीक्षा ही त्या रात्रीची तालीम आहे. तालमीत ज्याने दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उंची दाखविली, त्याला आखाड्यात एकट्यानेच उतरावे लागते.

ज्याला परीक्षेस बसणे परवडत नाही, त्यानेही निराश होऊ नये. येथे सांगितलेला अभ्यास शुल्क मागत नाही. एक संगणक, एक वही आणि दोष घालणारा एक सोबती एवढ्यावर तो होऊ शकतो. आणि त्यातून येणारे कौशल्य आपलेच राहते.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) १७२.१६.४.०/२३ या पट्ट्यातून २००, १०० आणि ६० यंत्रांच्या तीन शाखांस पत्ते द्या. शेवटी किती पत्ते शिल्लक राहतात?

(२) अ–ब या जोडणीचा खर्च १०, ब–क हिचा १० आणि अ–क हिचा ६४ आहे. ओ.एस.पी.एफ. पद्धतीने ‘अ’कडून ‘क’कडे जाणारा संदेश कोणत्या मार्गाने जाईल? ब–क ही जोडणी तुटल्यास काय होईल?

(३) दोन राउटरांमध्ये पिंग चालते, परंतु शेजाऱ्यांच्या यादीत कोणीच दिसत नाही. सहाव्या प्रकरणातील उदाहरणापेक्षा येथे कोणती कारणे अधिक संभवतात? प्रत्येक कारणासाठी एक चाचणी लिहा.

(४) आपल्या शाळेतील किंवा वाचनालयातील जालाचा नकाशा तेथील जबाबदार व्यक्तीच्या परवानगीने काढा. कोणते एक यंत्र बंद पडल्यास सर्वाधिक खोळंबा होईल, ते कारणासह सांगा.